पडद्यामागचा वारा

१९९७ च्या जुलैतली गोष्ट. मुंबईत पाऊस तीन दिवस नुसता धरून बसला होता. आमच्या दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हृदयविकाराचा मोठा झटका आला तो नेमका त्या पावसात. ठाण्याहून मुंबईच्या इस्पितळात पोचायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत वहिनी एक शब्द बोलली नाही. दादाचं मनगट हातात धरून बसली होती. तिला नाडी कळत होती असं नाही.

रात्री अकराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "गुठळी विरघळवायचं औषध दिलंय, पण रक्तदाब टिकत नाहीये. हृदयाला आधार द्यायला हवा. मांडीतल्या धमनीतून फुगा घालतोय." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. घरात इंजिनिअर मी. त्यामुळे यंत्र म्हटलं, मग ते भिंतीवरचं घड्याळ असो की मिक्सर, ते मला कळायलाच हवं असा आमच्या घरचा दंडक. मला काही कळलं नव्हतं. मी मान डोलावली.

पहाटे पाच मिनिटांपुरतं आत सोडलं. दादा गुंगीत होता. उजवा पाय सरळ ठेवून चादरीखाली जखडल्यासारखा केलेला. पलंगाच्या पायथ्याशी लहानशा कपाटाएवढं एक यंत्र उभं होतं, त्याच्या पडद्यावर हिरव्या रेघा धावत होत्या. आणि आवाज येत होता. ठक्, फुस्स. ठक्, फुस्स. खरं सांगतो, दादाकडे बघायचं सोडून मी तो आवाजच ऐकत राहिलो. कारण तो माझ्या ओळखीचा होता. रायगड जिल्ह्यातल्या ज्या रासायनिक कारखान्यात मी देखभाल विभागात होतो, तिथे पंधरा वर्षं तो माझ्या कानांवर पडत आला होता. इथे वेग अधिक होता, आवाज मऊ होता, पण जात तीच.

यंत्रातून एक बारीक पारदर्शक नळी निघून चादरीखाली दादाच्या मांडीपर्यंत गेली होती. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी खिशातून पेनाएवढी विजेरी काढली आणि त्या नळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेड फिरवला. मी विचारलं, "काय बघता?"

"रक्त," त्या म्हणाल्या. "नळीत एखादा तांबूस, तपकिरी कण जरी दिसला तरी लगेच डॉक्टरांना बोलवायचं. फुगा फाटला असं समजायचं."

"कितीदा बघता?"

"दर तासाला. आता बाहेर थांबा बरं तुम्ही."

मी बाहेर आलो आणि बाकावर बसलो. पडदा फाटणं म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दहा वर्षांपूर्वी मी तो पाहिला होता.

कारखान्याबाहेरच्या माणसाला पंप म्हटला की इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप आठवतो. त्यात एक पंखा गरगर फिरतो आणि पाणी फेकतो. पंखा द्रवात, मोटर बाहेर, आणि दोघांना जोडणारा दांडा पंपाच्या भिंतीतून आरपार गेलेला. सगळं दुखणं तिथे आहे. फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे फट राहणारच, आणि फट आहे तिथे गळती आहे. पाणी गळलं तर फरशी ओली होते. आम्ल गळलं तर फरशी उरत नाही.

म्हणून जुन्या काळी आम्लं उचलायला लोकांनी एक भलताच साधा उपाय काढला होता. अंड्याच्या आकाराचं जाड लोखंडी भांडं घ्यायचं, त्यात आम्ल भरायचं, झाकण घट्ट करायचं आणि वरून दाबाखालची हवा सोडायची. हवा आम्लाला रेटते, आम्ल तळापर्यंत गेलेल्या नळीतून वर चढतं. याला 'अ‍ॅसिड एग' म्हणत. साखर कारखान्यांत उसाचा किंवा बीटचा रस चढवायला हीच युक्ती होती, तिचं फ्रेंच नाव मोंतेज्यू, म्हणजे 'रस वर चढव'. फिरणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या जुन्या प्लँटमध्ये असं एक अंडं गंजत पडलेलं होतं आणि त्यावर कामगार डबा खायला बसत.

पण या अंड्याची खोड अशी की हवा आणि द्रव यांची थेट गाठ पडते. भांडं रिकामं होत आलं की शेवटी हवाच नळीतून उसळून जाते, जाताना आम्लाचे तुषार घेऊन जाते. ज्वालाग्राही द्रव असेल तर त्यात हवा कालवणं म्हणजे संकटाला आवतण. शिवाय प्रत्येक वेळी भरा, बंद करा, दाब द्या, सोडा. एका खेपेला एक भांडं.

मग या दोघांच्या मध्ये एक पडदा बसवला तर? हवेनं पडद्याला ढकलायचं, पडद्यानं द्रवाला. एकमेकांना न शिवता काम व्हायचं. हवेच्या जोरावर चालणारा दोन पडद्यांचा पंप कॅलिफोर्नियातल्या जिम वाइल्डन यांनी १९५५ मध्ये तयार केला, आणि आज जगात क्वचितच एखादा रासायनिक कारखाना त्यावाचून चालत असेल. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. आमच्याकडे तो 'डायफ्राम पंप', आणि कामगारांच्या तोंडी 'खटखट्या'.

त्याची रचना अशी. दोन गोल डबे पाठीला पाठ लावून ठेवलेत अशी कल्पना करा. प्रत्येक डब्यात मधोमध ताटाएवढा रबरी पडदा कडेनं आवळून बसवलेला. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला द्रव, आतल्या अंगाला हवा. दोन्ही पडदे एका आडव्या दांड्यानं जोडलेले. कॉम्प्रेसरची हवा डाव्या पडद्यामागे शिरली की तो बाहेर फुगतो आणि पुढचा द्रव रेटतो. त्याच वेळी दांडा उजव्या पडद्याला आत खेचतो आणि उजव्या डब्यात खालून नवा द्रव चढतो. दांडा टोकाला पोचला की मधला व्हॉल्व्ह पालटतो. आता हवा उजवीकडे जाते, आणि डावीकडची वापरून झालेली हवा सायलेन्सरमधून बाहेर पडते. तोच तो फुस्स. द्रवानं उलटं फिरू नये म्हणून प्रत्येक डब्याला खाली एक आणि वर एक असे चेंडू, आपापल्या बैठकीवर बसणारे. दोन डबे, दोन पडदे, चार चेंडू. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला हे यंत्र आवडायचं. वीज नाही, त्यामुळे सॉल्व्हंटच्या वाफेत ठिणगी पडायची भीती कमी. फक्त वाहत्या द्रवामुळे साचणाऱ्या स्थिर विजेसाठी आर्थिंगची तार जोडायला विसरायचं नाही. द्रव संपला तरी हे जळत नाही, कोरडं खटखटत राहतं. पुढची झडप कोणी चुकून बंद केली, तर दुसरा पंप फुटेल नाहीतर तापेल. हा मात्र हवेचा आणि द्रवाचा दाब समसमान झाला की गप्प उभा राहतो. झडप उघडा, पुन्हा खट्‌ म्हणून सुरू. चिखल, रंगाचा लगदा, चिकट राळ, काहीही द्या.

दोषही आहेत, आणि ते विकणारे लोक सांगत नाहीत. दाबाखालची हवा फुकट येत नाही. तेवढ्याच कामाला साध्या मोटरपंपापेक्षा वीज कितीतरी जास्त जाते, फक्त ती कॉम्प्रेसरच्या खोलीत जाते म्हणून दिसत नाही. दुसरी गंमत आमच्या कोकणातली. दाबातून सुटलेली हवा पसरताना एकदम गार होते. पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका, आणि आमचा ड्रायर कायम दुरुस्तीला, की भर ऑगस्टमध्ये सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ धरायचा. बाहेर घामाच्या धारा आणि पंपाला थंडी वाजून तो अडकलेला. आमचे मामा त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतायचे.

मामा म्हणजे आमचे फिटर. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शिकलेले आठवीपर्यंत, आणि पंपाच्या बाबतीत माझे गुरू. अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा, मॅनेजरसाहेबसुद्धा. पंप नीट चालतोय का हे बघायची त्यांची एक पद्धत होती. सायलेन्सरपुढे तळहात धरायचा आणि वाकून कान द्यायचा. हवेच्या फटक्यावरून ते सांगायचे, डावा चेंडू नीट बसत नाही, किंवा उजवा पडदा थकलाय.

पडदा थकतो हे त्यांच्याकडूनच मी शिकलो. तो मिनिटाला साठ-सत्तर वेळा वाकतो, आणि दर वेळी त्याच वर्तुळावर वाकतो, जिथे मधल्या लोखंडी चकतीची कड संपते तिथे. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते तसाच. शिवाय प्रत्येक द्रवाचा पडदा वेगळा. पाण्याला, सौम्य क्षाराला एक रबर, तेलाला दुसरं, आणि टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटला साधं काळं निओप्रीन चालतच नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. त्याला टेफ्लॉनचा पांढरा पडदा लागतो. टेफ्लॉन कशालाच दाद देत नाही, पण तो महाग, आणि त्या काळी आमच्याकडे बाहेरून मागवावा लागे.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये टोल्युइनमिश्रित आम्लाच्या पंपाचा पडदा संपला. स्टोअरमध्ये पांढरा नव्हता, काळा होता. माल भांड्यात अडकून पडलेला, उत्पादन विभागाचे दर अर्ध्या तासाला फोन. मी काळ्या पडद्याच्या चिठ्ठीवर सही केली.

मामा पडदा हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "साहेब, हा काळा आहे. पांढरा पायजे."

मी म्हटलं, "माहीत आहे मामा. आजच्या रात्रीपुरता चालवा. उद्या टेफ्लॉन येतोय."

ते काही बोलले नाहीत. टेफ्लॉन उद्या आला नाही, परवाही नाही. पंप मात्र चालत राहिला, आणि चालतो आहे त्याची आठवण कोण ठेवतो? चौथ्या रात्री खटखट मंदावली. मामा सवयीनं गेले, वाकले, तळहात धरला, कान दिला. त्याच क्षणी पडदा फाटला. पडदा फाटला की हवेची वाट आणि द्रवाची वाट एक होते. हवा द्रवात शिरून पुढे बुडबुडे जातात, आणि द्रव हवेच्या घरात शिरून सायलेन्सरमधून बाहेर फवारतो. तो मामांच्या चेहऱ्यावर आला.

डोळे धुवायचा फवारा वीस पावलांवर होता. तिथवर त्यांना शिपायानं धरून नेलं. डावा डोळा वाचला. उजव्यात फूल पडलं. चौकशीच्या कागदावर 'साहित्याचा दोष' असं लिहिलं गेलं. पडद्याची काय चूक? मी तो कागद वाचला आणि त्याच्याही खाली सही केली. सुटा केलेला पडदा मी दुसऱ्या दिवशी हातात घेतला तेव्हा त्यात नख रुतत होतं.

इस्पितळाच्या बाकावर हे सारं डोळ्यांपुढे होतं. आत दादाच्या महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, पॉलियुरेथेनचा एक पातळ पडदा मिनिटाला एकशेदहा वेळा फुगत आणि मिटत होता. तो कोणी निवडला होता? चिठ्ठीवर कोणाची सही होती?

सकाळी डॉक्टरांना गाठलं. तरुण होते, रात्रभर जागे होते, तरी त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पहिली गोष्ट म्हणजे अँजिओप्लास्टीचा फुगा तो हा नव्हे. तो चोंदलेली नळी रुंद करतो आणि लगेच काढून घेतात. हा लांबोळका, बोटभर जाडीचा, चाळीस घनसेंटिमीटर वायू मावेल एवढा, आणि तो हृदयाच्या तालाशी जोडी करून काम करतो. हृदय आकुंचन पावून सैलावलं, त्याची बाहेरची झडप मिटली, की फुगा फुगतो. महाधमनीतलं रक्त दोन्हीकडे रेटलं जातं. वरच्या अंगाला रेटलेलं रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरतं, आणि त्या तर हृदय सैल असतानाच प्रामुख्यानं भरतात. मग हृदय पुन्हा आकुंचन पावणार त्याच्या किंचित आधी फुगा झटकन मिटतो. एकदम जागा मोकळी होते आणि थकलेल्या हृदयाला रक्त बाहेर टाकायला कमी जोर लावावा लागतो. कधी फुगायचं आणि कधी मिटायचं हे यंत्र हृदयाच्या आलेखावरून ठरवतं. वेळ चुकली तर मदतीऐवजी अडथळा.

"वायू कोणता?" मी विचारलं.

"हेलिअम."

हे ऐकून मला बरं वाटलं. एवढ्या बारीक नळीतून सेकंदाच्या काही भागात वायू आत जायचा आणि परत यायचा, म्हणजे तो हलकाच हवा. हेलिअम हवेच्या सातव्या हिश्श्याएवढा हलका. पूर्वी कार्बन डायऑक्साइड वापरत, कारण फुगा फाटला तर तो रक्तात चटकन विरघळतो. हेलिअम तसा विरघळत नाही, फाटलं तर धोका अधिक. पण चपळाईपुढे ती जोखीम पत्करली गेली, आणि म्हणून ती विजेरी. त्या काळच्या काही यंत्रांत तर आतमध्येही एक पडदा असे: एका अंगाला कॉम्प्रेसरची हवा, दुसऱ्या अंगाला मोजका हेलिअम. पडद्यामागे पडदा.

ही युक्ती माणसावर पहिल्यांदा वापरली १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी. रुग्ण पंचेचाळीस वर्षांची बाई होती आणि ती वाचली. दादा बरा झाल्यावर मी या विषयाचं जे मिळेल ते वाचत गेलो. आमच्या खटखट्याची भावकी फार दूरवर पसरलेली निघाली.

तिचा मूळपुरुष म्हणावा असा एक माणूस आहे, विलेम कॉल्फ. हॉलंडचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन अंमलाखालच्या काम्पेन गावात यानं सॉसेजचं आवरण म्हणून वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून पहिलं कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. तोही पडदाच, पण गाळणारा. नंतर अमेरिकेत गेल्यावर त्यानं ढकलणारा पडदा हाती घेतला. १९५७ मध्ये क्लीव्हलंडमध्ये कॉल्फ आणि तेत्सुझो आकुत्सु यांनी एका कुत्र्याच्या छातीत हवेवर चालणारं कृत्रिम हृदय बसवलं. कुत्रा दीड तास जगला.

दीड तासापासून पुढचा प्रवास पंचवीस वर्षांचा. त्यात १९६९ मध्ये ह्यूस्टनला डॉ. डेंटन कूली यांनी एका माणसाला अशा हृदयावर चौसष्ट तास ठेवलं, दुसऱ्याचं हृदय मिळेपर्यंत. मग २ डिसेंबर १९८२. सॉल्ट लेक सिटीमध्ये डॉ. विल्यम डीव्हरीज यांनी बार्नी क्लार्क या एकसष्ट वर्षांच्या दंतवैद्याच्या छातीत 'जार्विक-७' बसवलं. आता मघाचा हिशेब काढा. दोन कप्पे, दोन पडदे, चार झडपा. पडद्याच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला कॉम्प्रेसरची हवा. खटखट्याच! फरक एवढाच की आमच्या पंपाचे पडदे दांड्यानं बांधलेले, एक पुढे तर दुसरा मागे. आणि या हृदयाचे दोन्ही पडदे एकदम पुढे येतात, देवानं घडवलेल्या हृदयासारखे. पडदा एकाच थराचा न करता अनेक पातळ थरांचा केला होता आणि थर एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये ग्रॅफाइट. हे वाचलं तेव्हा मला मामांचा 'थकलेला पडदा' आठवला. त्या लोकांनीही तो विचार केलाच होता.

क्लार्क यांच्या पोटातून दोन नळ्या बाहेर निघून पावणेचारशे पौंडांच्या यंत्राला जोडलेल्या होत्या. नळ्यांची लांबी सुमारे दोन मीटर. तेवढंच त्यांचं जग. तेराव्या दिवशी एक झडप मोडली आणि डावा कप्पा बदलावा लागला. लक्षात घ्या, झडप, पडदा नव्हे. कप्पे आत वेल्क्रोनं बसवलेले होते, मुलांच्या बुटांना असतं तेच. आणखी एक गोष्ट वाचली ती मनातून जात नाही. क्लार्क यांच्याकडे एक किल्ली दिलेली होती. जगणं नकोसं झालं तर त्यांनी स्वतः कॉम्प्रेसर बंद करावा. त्यांनी ती वापरली नाही. ते एकशेबारा दिवस जगले. तेवढ्या काळात ते पडदे सव्वा कोटीहून जास्त वेळा हलले. २३ मार्च १९८३ ला बाकीचं शरीर थांबलं; पंप चालूच होता, तो डॉक्टरांनी बंद केला.

दुसरे रुग्ण विल्यम श्रोडर सहाशेवीस दिवस जगले, पण पक्षाघाताच्या झटक्यांनी खंगून. पडद्यानं आपलं काम केलं, पण रक्त म्हणजे टोल्युइन नव्हे. ते परक्या पृष्ठभागाला ओळखतं आणि गोठतं. त्या कुळातल्या हृदयाला पुढे २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती दुसऱ्याचं हृदय मिळेपर्यंतचा पूल म्हणून. तेव्हा ठणठणीत कपाटाएवढं असलेलं हवेचं यंत्र पुढे पाठीवरच्या पिशवीत मावू लागलं. आणि २०२४ च्या जुलैत ह्यूस्टनला एका माणसाच्या छातीत जे कृत्रिम हृदय बसवलं गेलं, त्यात पडदाच नाही. चुंबकानं अधांतरी धरलेली एकच चकती फिरते. वाकायला काही नाही म्हणजे फाटायला काही नाही. पंखा पुन्हा परत आला, फक्त गळक्या दांड्यावाचून.

दादाचा फुगा चार दिवस चालला. मी हिशेब केला होता, काही लाख वेळा. तिसऱ्या दिवशी मदत कमी केली: दर ठोक्याला फुगायचं ते दोन ठोक्यांना एकदा, मग तीन ठोक्यांना एकदा, हृदय स्वतःहून किती पेलतं ते बघत. चौथ्या दिवशी संध्याकाळी फुगा काढला. पुढे बायपास झाली. दादा त्यानंतर नऊ वर्षं जगला. नातवाची मुंज पाहिली, माझ्याशी दर दिवाळीला भांडला. २००६ मध्ये गेला तो मूत्रपिंडाच्या विकारानं.

ही नऊ वर्षं त्या फुग्यानं दिली असं मी किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. आणि २०१२ मध्ये जर्मनीत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष वाचला. दादासारखेच, झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेले सहाशे रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. निम्म्यांना फुगा लावला, निम्म्यांना नाही. तीस दिवसांत फुगेवाल्यांपैकी ३९.७ टक्के दगावले, बाकीच्यांपैकी ४१.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. पुढे युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांना सरसकट फुगा लावू नये असं ठरवलं.

मी ते दोनदा वाचलं. त्या अभ्यासातल्या रुग्णांच्या चोंदलेल्या धमन्या लगेच उघडल्या होत्या, दादाला १९९७ मध्ये फक्त औषध मिळालं होतं; तेव्हा त्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, असं एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं. फुग्यानं त्याला वाचवलं की तो नाहीतरी वाचणारच होता हे एकट्या माणसावरून कधीच सांगता येत नाही, असंही म्हणाले. बरोबर आहे. पण मला खटकलं ते वेगळंच. पंप उत्तम चालतो आहे, वेळ अचूक आहे, पडदा शाबूत आहे, आणि तरीही त्याचा उपयोग होत नसेल, ही शक्यता चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. वहिनीला मी हे सांगितलं नाही. तिच्या देवघरात त्या डॉक्टरांचा फोटो होता.

एक सांगायचं राहिलं. दादा आत होता तेव्हा तिसऱ्या दिवशी, रविवारी, मामा भेटायला आले. एस.टी.नं, मग लोकलनं, पावसातून. वहिनीसाठी भाकरी आणि मेथीची भाजी बांधून आणली होती. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून काचेच्या दाराशी उभे राहिले. दार उघडलं की आवाज बाहेर येई. त्यांनी मान वाकडी करून डावा डोळा काचेला लावला. "साहेब, हा तर आपला खटखट्या," म्हणाले.

मी म्हटलं, "हो मामा." आणि विजेरीचं सांगितलं. नळीत रक्त दिसतं का ते बघतात, दर तासाला.

अपघातानंतर मामांनी कारखान्यात एक वही सुरू केली होती. प्रत्येक पंपाच्या सायलेन्सरपुढे पांढरं फडकं टांगलेलं असे, आणि शिफ्टच्या सुरुवातीला ते बघून वहीत खूण करायची. डाग दिसला तर पंप बंद. तोंड पुढे न्यायचं नाही. ही वही कोणी सांगितल्यावरून नव्हती. त्या चिठ्ठीबद्दल मात्र दहा वर्षांत त्यांनी एकदाही विषय काढला नव्हता, मीही नाही. त्या दिवशी बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "मामा, त्या काळ्या पडद्यावर सही माझी होती."

"माहीत आहे," मामा म्हणाले. "बसवला मी होता." मग थोड्या वेळानं म्हणाले, "दर तासाला बघतात म्हणता?"

दादाला वॉर्डात हलवल्यावर मी कामावर गेलो. टेबलावर मामांची वही होती. पान नवीन होतं. शिफ्टच्या एका रकान्याच्या जागी पट्टीनं रेघा मारून आठ रकाने पाडले होते, आणि पहिल्या तीन रकान्यांत खुणा झालेल्या होत्या.